हद्दीवरचा देवचार आणि फोंड सावंतांचं बंड: गावच्या स्मरणिकेत काय छापावं?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. सिंधुदुर्गातल्या बांद्याच्या पुढे, गोव्याच्या हद्दीला लागून तुमचं मूळ गाव. देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका निघते आहे आणि 'गावचा इतिहास' हे प्रकरण मुंबईत राहणाऱ्या तुमच्या गळ्यात पडलं आहे. आजोबा सांगायचे की व्हाळापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) सड्यावरचा, म्हणजे कातळमाळावरचा, देवचार (गावची हद्द राखणारं भूत) म्हणजे 'फोंड सावंताचो शिपाय', बंडात गोऱ्यांनी मारलेला. समितीतले अर्धे म्हणतात हे छापाच, उरलेले म्हणतात भुताखेतांच्या गोष्टी इतिहासात नकोत. ही गोष्ट खरी आहे का आणि तपासायची कशी, हे तुम्हाला हवं आहे.

मी मोडी कागद वाचून देते. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले, दोडामार्ग या भागातली माणसं जमिनीचे, मानपानाचे, देवस्थानाचे कागद घेऊन येतात आणि कागदाबरोबर बहुतेक वेळा एखादी अशीच गोष्ट घेऊन येतात. त्यामुळे गोष्ट आणि कागद शेजारी ठेवून बघायची सवय झाली आहे. भूत असतं की नसतं हे तुम्ही विचारलेलं नाही, मीही त्यात शिरत नाही. त्याशिवायही बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी एक सांगते. शिपाई खरंच मेला का, हा प्रश्न तुम्ही पहिला धरलात, पण त्याचं उत्तर मिळण्याची शक्यता सगळ्यात कमी आहे. बंडातल्या म्होरक्यांची नावं सरकारी पत्रव्यवहारात येतात. पायदळातला माणूस कुठल्या सड्यावर पडला हे कोणी लिहून ठेवत नव्हतं. त्यापेक्षा असं विचारा की ही गोष्ट गावाचा कुठला हक्क राखते आहे. आपल्याकडचं भूत सहसा जागेला बांधलेलं असतं, आणि ती जागा कोणाची, तिथं कोणाचं चालतं, राखण (राखणदाराला द्यायचं वर्षाचं देणं) कोणी द्यायची, हे त्या गोष्टीत सांगितलेलं असतं. माझ्या अनुभवात कोकणातली भुताची गोष्ट घटनेची साक्षीदार म्हणून कच्ची ठरते, हक्काची साक्षीदार म्हणून मात्र पक्की.

तरी नावापासूनच सुरुवात करू, कारण तिथेच मोठी गफलत होऊ शकते. फोंड सावंत एकच नव्हेत. सावंतवाडीच्या सावंत भोसल्यांच्या गादीवर तीच दोन-चार नावं पिढ्यानपिढ्या फिरतात. एक फोंड सावंत १७०९ ते १७३८ च्या सुमारास राज्य करत होते. दुसरे १९व्या शतकाच्या सुरुवातीचे, ज्यांनी १८१२ साली वेंगुर्लं इंग्रजांना दिलं. तिसरे गादीवरचे नव्हेतच. ते फोंड सावंत तांबुळकर, १८४४-४५ च्या बंडाचे पुढारी. आजोबांच्या वाक्यात 'बंडात' हा शब्द आहे म्हणून तुम्ही तिसरे धरलेत. ते बरोबरही असेल. पण 'बंडात' हा शब्द आजोबांचा की पुढच्या कोणी घातलेला, हे घरातल्या दुसऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून बघा.

तसंच गोऱ्यांचं. तुमचं गाव हद्दीवरचं आहे, त्यामुळे तिथं दोन गोरे होते: पोर्तुगीज म्हणजे 'फिरंगी' आणि इंग्रज म्हणजे 'सायब'. आजोबा 'फिरंगी' म्हणायचे की 'सायब'? फिरंगी म्हणत असतील तर गोष्ट शंभर वर्षं मागे जाऊ शकते. १७४६ साली पोर्तुगीजांनी सावंतांकडून हळर्ण, तेरेखोल, रेडी असे किल्ले घेतले. हळर्णच्या (पोर्तुगीजांच्या तोंडी अलोर्ना) विजयावरून त्यांच्या व्हाइसरॉयला मार्किस ऑफ अलोर्ना अशी पदवीही मिळाली. त्या धामधुमीत हद्दीवरच्या गावांत माणसं मेली नसतील असं होणार नाही. साहेब म्हणत असतील तर १८१९ नंतरचा काळ धरा. त्या साली सावंतवाडीने इंग्रजांचं वर्चस्व मान्य केलं, १८३८ मध्ये कारभारच त्यांनी हाती घेतला आणि पोलिटिकल सुपरिंटेंडेंट बसवला.

१८४४ चं बंड तुमच्या गोष्टीला सगळ्यात जवळचं वाटतं. ते सुरू झालं कोल्हापूरच्या गडकऱ्यांपासून. किल्ल्यांची वंशपरंपरागत राखण करणाऱ्या या लोकांच्या वतनी जमिनींवर आणि हक्कांवर नव्या कारभाराने हात घातला, तेव्हा सामानगड, भुदरगड उठले. ठिणगी घाट उतरून सावंतवाडीत आली. मनोहरगड-मनसंतोषगड बंडवाल्यांच्या हातात होते. इंग्रजांनी मोठं सैन्य आणलं, कर्नल जेम्स आउट्रम या भागातल्या जंगलांत फिरला आणि १८४५ च्या सुरुवातीला गड पडले. फोंड सावंत आणि त्यांच्या बाजूचे लोक हद्द ओलांडून गोव्यात गेले. बांद्याच्या पुढचं हद्दीवरचं गाव म्हणजे या पळापळीच्या वाटेवरचं असणं सहज शक्य आहे. आजोबांची गोष्ट काळात आणि भूगोलात बसते, एवढं निश्चित म्हणता येतं. त्यापुढे जाऊन 'घडलं' असं म्हणायला कागद लागेल.

आता देवचाराकडे येऊ. माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा खरा ऐवज इथे आहे.

आपल्याकडचा देवचार कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात वहाणा, कधी हातात पेटती चूड. रात्री वाट चुकलेल्याला वाटेला लावतो. आणि सगळे जण एक गोष्ट न चुकता सांगतात: 'हद्दीपर्यंत पोचयता, फुडे येणा नाय.' पुढे दुसऱ्या गावचा देवचार. घाबरवणं हा त्याचा मुख्य धंदा नव्हे. राखणदारी हे त्याचं काम, त्याची हद्द ठरलेली आणि वर्षाची राखणही ठरलेली. नारळ, कोंबडा, रोट, पान-विडी, जे काही असेल ते. राखण चुकली तर तो कोपतो. गावच्या चाकरीतल्या माणसाची व्यवस्था आणि ही व्यवस्था शेजारी ठेवून बघा.

हद्द त्या काळी चेष्टेचा विषय नव्हता. सावंतवाडीचं राज्य लहान आणि चहूबाजूंनी दाटलेलं: खाली पोर्तुगीज, वर घाटावर कोल्हापूर, उत्तरेला आंग्रे, नंतर इंग्रज. आज एका गावाचा महसूल या दिवाणाकडे, दहा वर्षांनी त्या दिवाणाकडे. वरचा धनी बदलला तरी गावाला आपली शीव सांभाळणं भाग होतं, कारण कुरण, व्हाळाचं पाणी, सड्यावरचं गवत त्यावर होतं. शिवेचा वाद मराठेशाहीत कागदाने सुटायचा, पंचांच्या महजराने (निवाड्याच्या कागदाने) सुटायचा आणि दिव्यानेही सुटायचा. गावच्या वतीने एक जण शपथ घेऊन हद्द चालून दाखवायचा आणि ठरल्या मुदतीत त्याच्यावर काही संकट आलं नाही तर ती हद्द कायम व्हायची. हद्दीवर कोणीतरी बघतो आहे, खोटं चाललास तर सोडणार नाही, ही भीती त्या काळच्या न्यायव्यवस्थेचाच भाग होती. देवचार नसता तर तशा शपथेला वजन कुठून आलं असतं?

म्हणून तुमच्या गावचा देवचार १८४५ च्या आधीपासून तिथं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. राखणदार जुना, त्याची हकिकत नवी. बंडानंतरच्या पिढीने आपल्या हद्दीच्या राखणदाराला आपल्या काळच्या शूराचं नाव दिलं असावं. हा माझा अंदाज आहे आणि स्मरणिकेत छापलात तर अंदाज म्हणूनच छापा.

याच्या उलट बाजूचाही विचार करून बघा. सावंतवाडीच्या गादीचा इतिहास रक्ताने भरलेला आहे. राजेबहादूर किताब मिळवणारे तिसरे खेम सावंत १८०३ मध्ये पुत्राविना गेले, मग राण्यांच्या आणि भाऊबंदांच्या भांडणात दत्तक आणलेला बाल राजा गळा दाबून मारला गेला. भुताच्या गोष्टीला याहून चांगली सामग्री कुठली? तरी मी जिथे जिथे बसून गोष्टी ऐकल्या, तिथल्या गावांत या पोराचं भूत मला भेटलं नाही. भेटतात ते शिवेवरचे, पाणंदीतले, घाटीतले, पडक्या जोत्यावरचे. गावाने वाड्यातल्या खुनाला जागा दिली नाही, कारण त्या खुनाने गावच्या कुठल्या हक्काला धक्का लागत नव्हता. कुठली भुतं नाहीत हेही टिपून ठेवण्यासारखं असतं.

हद्दीपलीकडच्या, गोव्यातल्या पेडण्याचं उदाहरण तर तुमच्या दारातलं. पेडणं सावंतांकडून पोर्तुगीजांकडे गेलं १७८८ साली. गोव्यातलंच बार्देश दोनशे वर्षांहून आधी गेलं होतं आणि तिथली देवळं १६व्या शतकात पाडली गेली होती. पेडणं, डिचोली, सत्तरी हे मुलूख हाती आले तोवर पोर्तुगीजांचं धोरण बदललं होतं, तिथल्या देवस्थानांना आणि रिवाजांना त्यांनी हात लावला नाही. त्यामुळे कोजागिरीची पेडण्याची पुनव चालू राहिली. रवळनाथ आणि भूतनाथाची तरंगं (देवाचे सजवलेले खांब) निघतात, बाधा झालेली माणसं सोडवायला आणतात, आणि भूतनाथ रुसून रानाकडे धावतो, कारण एका रात्रीत देऊळ बांधून देण्याचं वचन पुरं झालेलं नाही. त्याला समजावून परत आणतात. या पुनवेला सिंधुदुर्गातून माणसं जातात. तुमच्या गावातूनही जात असतील. सावंत गेले, पोर्तुगीज १९६१ मध्ये गेले, मधली हद्द आता दोन राज्यांची आहे, पण भूतनाथाचं गणगोत जुन्या मुलखाप्रमाणेच आहे. तुमच्या देवचाराचं पेडण्याशी काही नातं सांगतात का, ते जरूर विचारा. उत्तर हो आलं, तर तुमच्या गावाचे संबंध १७८८ च्या आधी कुठल्या दिशेला होते याचा तो धागा आहे.

दुसऱ्या जातीच्या भुतांनाही हेच लागू पडतं. समंध घ्या. वारस न ठेवता गेलेला, मिळकतीत जीव अडकलेला, कोणाला ती उपभोगू न देणारा. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात असा समंध एका आंब्याच्या भाटात (बागेत) सांगितला जायचा आणि तिथं कोणी घर बांधत नव्हतं. घरातल्या मोडी कागदांत ते भाट नष्टांशाचं निघालं. म्हणजे मूळ कुटुंब बुडालं होतं आणि वाटा भाऊबंदांनी आपापसात फिरवला होता, तोही सगळ्यांच्या संमतीने नव्हे. समंधाची गोष्ट सांगणारी शाखा कुठली होती? जिला वाटा मिळाला नव्हता ती. मी हे त्या लोकांना तोंडावर सांगितलं नाही, कागद काय म्हणतो तेवढं सांगितलं. त्यांना ते कळलं.

घाटवाटांचं वेगळंच. रामघाट एके काळी वेंगुर्ले बंदराला बेळगावाशी जोडणारी वाट. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीचा रस्ता झाला आणि वाहतूक तिकडे वळली. वाट ओस पडली की चकवा, हडळ, जखीण यांची वस्ती वाढते, हे मला बहुतेक जुन्या वाटांवर दिसलं आहे. अशा गोष्टींमधून जुनी वाहतूक कळते, त्याहून जास्त काढायला जाऊ नये.

तुमच्या समितीतले कोणी म्हणतील, छापील पुस्तकांत देवचार म्हणजे मेलेल्या माणसाचं भूत असंच दिलं आहे. खरं आहे, पण ती माहिती जमली कशी तेही पाहा. कोकणातल्या लोकसमजुतींचा जो मोठा इंग्रजी संग्रह १९१५ साली निघाला, त्याची सामग्री ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून गोळा केली होती. हाच जॅक्सन नाशिकचा कलेक्टर. २१ डिसेंबर १९०९ ला नाटकगृहात त्याला गोळ्या घालणारे अनंत कान्हेरे आपल्या कोकणातले, खेड तालुक्यातल्या आयनी गावचे. जॅक्सन गेल्यावर ते टिपण एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने संपादून छापलं. आता विचार करा, सरकारकडून प्रश्न आला की मास्तर काय लिहील? मुंजा अमक्या जातीचा, खवीस तमक्या धर्माचा, असे वर्ग पाडून नीटस यादी लिहील. राखण कोण देतं, मान कोणाचा, हद्द कुठून कुठवर, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि गावातल्या भांडणाचा विषय म्हणून त्यानेही लिहिलं नसतं. ती यादी उपयोगी आहे, मी स्वतः वापरते. पण तुमच्या गावच्या देवचाराबद्दल तुमच्या गावच्या घाड्याला (देवाचं गाऱ्हाणं घालणाऱ्याला) जास्त माहीत आहे.

म्हणून कामाला तिथून लागा. देवळातलं गाऱ्हाणं, म्हणजे देवांना हाका मारून केलेली विनवणी, पूर्ण रेकॉर्ड करा, 'बा देवा म्हाराजा' पासून शेवटच्या 'व्हय म्हाराजा' पर्यंत. परवानगी घेऊन, आणि शक्यतो प्रत्यक्ष प्रसंगी, कारण मागाहून सांगताना नावं गळतात. कुठल्या क्रमाने कोणाला हाक मारतात ते लिहून काढा. सातेरी, रवळनाथ, पूर्वस, मूळपुरुष, मग हद्दीवरचे. तुमचा देवचार कितवा येतो, कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर? त्यात शिपायाचा उल्लेख आहे का? बहुतेक नसेल, आणि नसला तर जुना राखणदार आणि नवी हकिकत या माझ्या तर्काला बळ येईल. असलाच तर मला जरूर कळवा, कारण मग माझा तर्क ढिला पडेल आणि तुमच्या आजोबांची बाजू भक्कम होईल.

मग जागेवर जा. गाव नकाशा हातात घेऊन. स्थळ शिवेवर आहे, की शिवेच्या आत आहे? आत असेल तर पूर्वी शीव तिथं होती का, याचा तपास करा. शेजारच्या गावातही विचारा, त्यांच्या बाजूने ही गोष्ट कशी सांगतात ते. हे बहुतेक लोक टाळतात आणि नेमकं तिथंच सापडतं. राखण कुठलं घराणं देतं, कधीपासून, त्याबद्दल त्यांच्याकडे जमीन आहे का, हे हळूच विचारायचे प्रश्न आहेत. देवस्थानाच्या इनामाचे कागद, फेरफार, जुना एखादा महजर कोणाच्या पेटीत असेल तर तोही. बंडाबद्दल सरकारी पत्रव्यवहार बघायचा झाला तर मुंबई आणि कोल्हापूरची पुराभिलेखागारं, हद्दीपलीकडच्या बाजूसाठी पणजी. तिथं तुमच्या गावाचं नाव मिळालं तरी नशीब समजा.

छापताना तीन गोष्टी तीन वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. आजोबांची गोष्ट त्यांच्याच मालवणीत, कोणी सांगितली आणि कोणाकडून ऐकली त्यासह, एक शब्दही न सुधारता. मग बंडाचा इतिहास जेवढा पक्का आहे तेवढा. मग तुमचा तर्क, तर्क म्हणून. समितीतल्या दोन्ही बाजूंना यात नाकारण्यासारखं काही उरत नाही.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घ्या. 'हा शिपाई अमुक घराण्याचा मूळपुरुष' असं वाक्य कोणी घालायला सांगितलं तर घालू नका. संस्थान होतं तोवर मानपानाची तक्रार राजापर्यंत नेता यायची. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हापासून ती भांडणं कोर्टात जातात आणि तिथं छापील स्मरणिका पुरावा म्हणून पुढे केलेली मी पाहिली आहे. तुमचं एक वाक्य पुढच्या तीस वर्षांचा दावा होऊ शकतं. दुसरं, कोणाच्या घराकडे करणी किंवा भूत पाळल्याचं बोट दाखवणारी गोष्ट कितीही जुनी असली तरी छापू नका, आणि देवचाराने आजार बरे होतात अशी जाहिरातही नको. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. पण कायदा नसता तरी ज्या घरावर बोट जातं, त्या घरातल्या मुलांना त्याच गावात राहायचं असतं.

कागद सापडले तर फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता, कागद सपाट ठेवून वरून सरळ काढा. मागची बाजूही घ्या, कारण शेरे आणि शिक्के बऱ्याचदा पाठीमागे असतात. घडीवर फाटलेला कागद चिकटपट्टीने जोडू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. गाऱ्हाण्याची यादी आणि फोटो एकत्र पाठवलेत तर निदान साल आणि नावं मी वाचून देईन. फोंड सावंत कुठले ते त्यातून ठरलं तर ठरलं.